ट्रॉम्सोतल्या बघण्यासारख्या जागा

मार्च अर्धा सरला की सोलापुरात सकाळ अशी उरत नाही. आठ वाजताच दुपार होते. अंगणातली फरशी पाय टेकू देत नाही, नळाचं पाणी आधणासारखं येतं, आणि समोरच्या लिंबाखाली कुत्री कूस बदलायलाही उठत नाहीत. गल्लीत कूलरचं गवत विकणारा फिरू लागतो. यंदाही फिरला. मी गवत बदलून घेतलं, कूलर सुरू केला, ओल्या गवताचा वास खोलीभर झाला आणि दरवर्षीसारखा तो उन्हाळा येऊन समोर बसला. पन्नास वर्षं झाली असतील. त्याला मी बोलावत नाही. तो येतो आणि पाऊस लागेपर्यंत हलत नाही.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा म्हणजे त्र्याहत्तर साल. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. आम्ही राहायचो शहराच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग, आतल्या खोलीत चूल, ट्रंका आणि आम्ही तिघं: माझा मोठा भाऊ अंबादास, त्याची बायको बालमणी आणि मी. आई-वडील आधीच गेलेले. भावाला मी अण्णा म्हणायचे आणि वहिनीला आमच्या तेलुगू रिवाजाप्रमाणे वदिना. घरात आम्ही तेलुगूच बोलायचो. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, कारण लिहायला मला मराठीच येतं. त्यामुळे अण्णाचा आवाज थोडासा हरवणार, हे आधीच सांगते.

अण्णा विणकर होता, पण वस्तीत त्याचं नाव होतं ते नक्षीसाठी. चादरीवरचे, भिंतीवर लावायच्या पडद्यांवरचे मोर, हत्ती, गुलाब, देवादिक तो आधी चौकटीच्या कागदावर उतरवायचा. एक चौकोन म्हणजे एक धागा. असे हजारो चौकोन रंगवले की मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, त्या पट्ट्या ओवून मागाच्या डोक्यावर चढवायच्या, आणि मग विणकर पाय मारेल तसतसं चित्र उमटत जायचं. कागदावर वाकून बसलेला अण्णा मला अजून पाठमोराच आठवतो. मानेवर घामाची धार, पेन्सिल कानाला, आणि बाजूला वदिना सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळते आहे. ती त्याच्याकडे बघायची नाही आणि तो तिच्याकडे. पण तिचं सूप जरा लांब सरकलं तरी त्याला कळायचं.

दुष्काळानं शेतं जळली हे सगळ्यांना ठाऊक आहे. माग कसे थांबले ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. सुताची टंचाई झाली. कधी सूत मिळायचं, कधी नाही. आमची गल्ली जन्मापासून खटखट ऐकत आलेली, ती दुपारी गप्प पडू लागली. झोपलेलं माणूस श्वास घेत नाही असं वाटून आपण जवळ जाऊन बघतो ना, तशी ती शांतता होती. गिरणीचा भोंगा व्हायचा, त्यानंतर पुन्हा काही नाही. बायका सकाळी घागरी घेऊन नळाशी बसायच्या ते दुपारपर्यंत. रेशनवर तांबडी ज्वारी यायची. तिची भाकरी तव्यावरच तडकायची. वदिना म्हणायची, "ही ज्वारीसुद्धा परमुलखातून आली, तिचं इथं मन रमत नाही."

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उलगली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुंबईहून कांतिभाई आले. ते दलाल होते. परदेशातल्या दुकानांना इथला माल पाठवायचे. अण्णाकडून त्यांनी आधी दोन-चार नक्ष्या करून घेतलेल्या. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका काढून अण्णाच्या हातात दिली.

"अंबादास, हे बघ. नॉर्वे देश. पार वरती, जगाच्या टोकाला हे शहर. ट्रॉम्सो. लांबलांबून लोक हे बघायला येतात. तिथल्या एका दुकानदाराला भिंतीवर लावायचे पडदे पाहिजेत. त्यांच्याच शहराच्या चित्रांचे. लोक बघून जातात तर आठवण म्हणून घेऊन जातील."

अण्णानं पानं उलटली. मी दारातून बघत होते. पांढरं, निळं, पुन्हा पांढरं. आमच्या घरात इतका पांढरा रंग कधी आला नव्हता.

"चार पडदे कर. नमुना पसंत पडला की मोठी ऑर्डर आहे," कांतिभाई म्हणाले आणि उठता उठता चपलेत पाय घालत आणखी एक वाक्य बोलले. "आणि काय सांगू, तिथं प्रदर्शन भरतं. विणणारा माणूस समोर बसून विणून दाखवतो. नमुना पसंत पडला तर तुलाच पाठवून देतो की."

हे वाक्य ते सहज बोलले. चहा चांगला झालाय म्हणावं तसं. पण अण्णा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता असा झालेला होता. मी घाबरलेच थोडी.

पुस्तिका इंग्रजीत होती. वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजच्या वाचनालयातून मी शब्दकोश आणला आणि संध्याकाळी, माग बंद असला की, आम्ही तिघं बसायचो. वरच्या मथळ्याचं मी भाषांतर केलं, 'प्रेक्षणीय स्थळे'. अण्णा म्हणाला, "सोपं सांग." मी म्हटलं, "बघण्यासारख्या जागा."

पहिला पूल. शहर बेटावर आहे, आणि बेटापासून पलीकडच्या किनाऱ्याला जोडणारा हा लांबच लांब, मधे उंच होत गेलेला पूल. त्याच्या पलीकडे एक चर्च, पांढरंशुभ्र, त्रिकोणी, जणू मोठमोठे पत्रे एकमेकांना टेकवून उभे केलेत. चर्चच्या मागे डोंगर, आणि तारेला लटकलेल्या डब्यात बसून त्या डोंगरावर जायचं. वरून सगळं शहर, समुद्र, पूल दिसतो. मग बंदर. तिथून जहाजं ध्रुवाकडे जायची. लाकडी रंगीत घरं. आणि उन्हाळ्यात मध्यरात्रीचा सूर्य, हिवाळ्यात आकाशातला हिरवा उजेड.

"मध्यरात्रीचा सूर्य म्हणजे?" अण्णानं विचारलं.

मी वाचून सांगितलं की उन्हाळ्याचे दोन महिने तिथं सूर्य मावळतच नाही. रात्रीसुद्धा समुद्रावर टेकून उभा असतो. तो बघायला लोक येतात.

वदिनाचे हात थांबले. "मावळतच नाही? मग बायकांनी पडायचं कधी?"

अण्णा हसला. तिलाही हसू आलं. मग ती म्हणाली, "सूर्य बघायला पैसे देऊन जातात. आमच्याकडे पाठवा म्हणावं. फुकट दाखवू."

आणि हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही हेही मी वाचून दाखवलं. विणकराच्या मनात आधी उजेड येतो. अण्णा म्हणाला, "मग तिथले मागवाले काय करत असतील?" तिथं मागवाले नसतील हे मी त्याला सांगितलं नाही. मला तरी काय माहीत होतं.

त्यानं काम सुरू केलं. पूल आधी. पुलाची कमान चौकोनांत बसवणं अवघड होतं. धागा सरळ जातो, कमान वळते. चार-पाच कागद फाडले त्यानं. मग चर्च जमलं लवकर, कारण त्रिकोण विणकराला ओळखीचा. बाहेर फुफाटा उडत असायचा, पत्र्याचं छप्पर तडतडायचं, वदिना दाराला ओलं पोतं लावायची आणि आत अण्णा बर्फाचा डोंगर काढायचा. घामाचा थेंब कागदावर पडला की चौकोनातली शाई पसरायची. मग त्यानं कपाळाला पंचा बांधला. पंचा बांधून बर्फ काढणारा माणूस म्हटलं की मला आजही हसू येत नाही.

सूत मिळेल तेव्हा विणायचं, मिळेल तो रंग घ्यायचा. एप्रिलात पहिले तीन पडदे झाले. पूल, चर्च, मध्यरात्रीचा सूर्य. गल्लीतले लोक बघायला यायचे. एक म्हातारा विणकर बराच वेळ चर्चसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "देऊळ चांगलं आहे, पण कळस नाही."

त्याच दिवसांत अण्णा मंगळवार बाजारात गेला आणि जुन्या कपड्यांतून एक लोकरीचा मफलर घेऊन आला. पोरं त्याच्या मागे हसत आली. रात्री जेवताना वदिना माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या अण्णाला विचार सरोजा. तिथं बघण्यासारखं काय आहे ते सगळं पाठ झालंय त्यांना. इथं जगण्यासारखं काय आहे, ते जरा मला वाचून दाखवा म्हणावं."

अण्णा खाली मान घालून जेवत राहिला. तिचं खोटं नव्हतं. घर तिच्या बिड्यांवर चालायचं, आणि तिच्या बोटांची टोकं तंबाखूनं कायमची काळवंडली होती. भिवंडीला तिचा भाऊ होता, सत्यनारायण. तिथल्या एका कारखान्यात नवी यंत्रं येणार होती आणि नक्षी काढणारा माणूस हवा होता. त्यानं मालकाशी बोलून जागा धरून ठेवलेली. मेच्या आत या, असं तो सांगून थकला होता. वदिनाला जायचं होतं. तिथं पाणी होतं, तिथं यंत्रमाग रात्रंदिवस चालत होते. अण्णा हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

एका संध्याकाळी तो मला सिद्धेश्वर तळ्यावर घेऊन गेला. तळं पार खाली गेलेलं. कडेचा गाळ वाळून भेगाळलेला, मधे थोडंसं हिरवं पाणी, आणि त्या पाण्यात उभे असलेले बगळेसुद्धा थकल्यासारखे. मधोमध देऊळ. अण्णा कठड्यावर बसला आणि हात करून मला दाखवू लागला.

"समज, देऊळ आहे तिथं शहर. चारी बाजूंनी समुद्र. इकडून, किल्ल्याच्या बाजूनं, पूल येतो. आपण चालत जायचं. वाहनानं नाही. पुलावर वारा फार असतो, असं लिहिलंय ना? पलीकडे गेलं की लगेच चर्च. आत काचेचं मोठं चित्र आहे, त्यातून उजेड येतो. मग डबा. डब्यात मी बसेन की नाही माहीत नाही. पण बालमणी बसेल, ती कशाला भीत नाही."

"वदिना पण जाणार?"

"एकट्यानं काय बघायचं?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तीस-बत्तीस वर्षांचा माणूस, आयुष्यात जवळच्या होटगी स्टेशनच्या पलीकडे दोनदा गेलेला, एकदा लग्नाला आणि एकदा मयताला. तो मला आटलेल्या तळ्याच्या कठड्यावर बसून परमुलखातलं शहर हिंडवत होता आणि मी हिंडत होते. तेव्हा मला ते खरं वाटलं होतं का? वाटलं होतं. मी शिकलेली होते, नकाशा बघितलेला होता, तरी वाटलं होतं. आशेला शिक्षण आडवं येत नाही. तहान लागल्यावर जसं घोटभर गढूळ पाणीही आपण डोळे मिटून पितो, तसं मी ते प्यायले.

राहिला होता चौथा पडदा, आकाशातला हिरवा उजेड. पुस्तिकेतल्या चित्रात काळ्या आकाशात हिरवा रंग वाऱ्यावर धोतर उडावं तसा पसरलेला होता. त्याला कडा नव्हती. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नव्हतं. अण्णा म्हणाला, सुताला कडा असतेच. रंग जिथं थांबतो तिथं तो थांबलेला दिसतो. हा थांबताच कामा नये.

त्यावर तो आठवडेच्या आठवडे बसला. रंगाऱ्याकडे जाऊन त्यानं हिरव्याच्या निरनिराळ्या छटा करून आणल्या. एक हिरवा धागा, एक काळा. मग एक हिरवा, दोन काळे. मग अगदी फिका हिरवा आणि काळ्यांच्या गर्दीत तो एकटाच. कागदावर हिशेब जमायचा, मागावर फसायचा. वीज गेली की कंदील लावायचा, कंदिलात हिरवा निळा दिसायचा, सकाळी सगळं उसवायचं. तो बारीक झाला. वदिना भाकरीचं ताट त्याच्या शेजारी ठेवून जायची आणि तसंच उचलून न्यायची.

मे महिन्यात एका दुपारी त्यानं पडदा मागावरून उतरवला. आम्हाला हाक मारली नाही. वदिनाच कशाला तरी बाहेर आली आणि थांबली. त्यानं तो भिंतीवर धरला होता. काळ्या कापडावर हिरवा उजेड हलत होता. मला दुसरा शब्द सापडत नाही. कापड स्थिर होतं आणि उजेड हलत होता, वर चढत होता, विरत होता, आणि तो नेमका कुठं विरतो ते शोधायला डोळा गेला की तिथं काहीच नव्हतं.

वदिना जवळ गेली. पदराला हात पुसून तिनं एका बोटानं कापडाला स्पर्श केला, मग लगेच बोट काढून घेतलं.

"हे खरंच असं दिसतं?" तिनं विचारलं.

"पुस्तकात दिसतं," अण्णा म्हणाला.

"आणि तुम्ही ते बघणार."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि सूप न घेता बराच वेळ नुसती बघत राहिली. रिकाम्या हातांनी बसलेली वदिना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी सत्यनारायण भिवंडीहून स्वतः आला. उन्हानं रापलेला, घाईत. बसायच्या आधीच म्हणाला, "भावोजी, मालक आता थांबत नाही. येताय की दुसऱ्याला सांगू?"

अण्णानं माझ्याकडे बघितलं, मग मागाकडे. उत्तर आतून आलं. वदिना दारात उभी होती.

"दुसऱ्याला सांग, तम्मुडू." धाकट्या भावाला ती अशीच हाक मारायची. "यांना बाहेरदेशी पाठवणार आहेत. प्रदर्शनाला."

सत्यनारायण तिच्याकडे बघतच राहिला. "कोण पाठवणार आहे?"

"कांतिभाई. यांनी जे केलंय ते तू बघितलं नाहीस."

तिनं ट्रंकेतून पडदा काढून त्याच्यासमोर उलगडला. तो यंत्रमागावरचा माणूस, दिवसाला थानच्या थान काढणारा. त्यानं पडदा पाहिला, मान हलवली. "चांगलं आहे अक्का. लई चांगलं आहे. पण असं एक काढायला किती दिवस?" जेवून तो दुपारच्या गाडीनं परत गेला.

ते पुढचे दिवस आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. हे लिहिताना मला कसंतरी होतं, पण ते खरं आहे. पाणी नव्हतं, सूत नव्हतं, रेशनच्या रांगेत वदिनाला भोवळ यायची, आणि तरी संध्याकाळी ती मला म्हणायची, "सरोजा, वाच की ते. डब्याचं वाच." मी वाचायचे. ती विचारायची, तिथं भात मिळतो का, तिथल्या बायका डोक्यावर काय घेतात, समुद्र गोठत नाही का, मासे थंडीनं मरत कसे नाहीत. पुस्तिकेत यातलं काही नव्हतं. मी मनानं सांगायचे. दोघं ऐकायचे. एकदा अण्णा तिला म्हणाला, "तू डब्यात खिडकीशी बस," आणि ती लाजली. लग्नाला आठ-दहा वर्षं झालेली बाई, चुलीपुढे बसून लाजली.

कांतिभाई येऊन चारही पडदे घेऊन गेले. पडदे बघून "वा वा" म्हणाले. पंधरा दिवसांत कळवतो म्हणाले. पंधरा दिवस गेले, जून संपला, जुलै आला. आभाळ भरायचं आणि तसंच पुढे जायचं. अण्णा रोज दुपारी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा आणि परत यायचा. त्यानं दुसरी नक्षी हातात घेतली नाही. वदिनानं काही विचारलं नाही. पण ती बिड्या पुन्हा जास्त वळू लागली, आणि पुस्तिका वाचायला सांगणं आपोआप थांबलं.

कांतिभाई आले ते श्रावणात. बसले, पाणी प्यायले, आणि पिशवीतून टॉवेलाचा एक नमुना काढला.

"अंबादास, या किनारीवर मोर पाहिजेत. लहान लहान. दुबईला जायचेत."

अण्णानं टॉवेल हातात घेतला. "आणि ते?"

"कुठले? हां, ते. ते नाही जमलं. तो दुकानदार म्हणतो महाग पडतात. त्याला छापलेले मिळाले कुठून तरी. फोटोच छापून येतो आता कापडावर, विणायचं कशाला."

"पडदे?"

"ते त्यानं ठेवून घेतले असतील. नमुने कोण परत पाठवतं?"

अण्णानं टॉवेल खाली ठेवला. मग त्यानं जे विचारलं, ते विचारायला त्याला किती जड गेलं असेल हे मला अजून कळतं. तो म्हणाला, "मग प्रदर्शनाचं काय करायचं?"

कांतिभाईंनी खरोखर न कळून त्याच्याकडे बघितलं. "कसलं प्रदर्शन?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. त्याला शिव्या देता आल्या असत्या. ते चांगले होते, चहा घेतला, जाताना वदिनाला नमस्कार केला. आत वदिना चुलीसमोर उभी होती आणि दूध उतू जात होतं. ती ते बघत होती, पण भांडं उतरवत नव्हती.

मोरांची किनार अण्णानं काढली नाही. त्यानं नाही म्हटलं असंही नाही. कागद समोर घेऊन बसायचा आणि संध्याकाळी तो कोराच गुंडाळून ठेवायचा. हात चालत होता, डोळे चालत होते. काय चालत नव्हतं ते आम्हाला दाखवता आलं नसतं. दिवाळीपर्यंत वाट बघून वदिनानंच सत्यनारायणला निरोप धाडला. नक्षीची जागा केव्हाच भरली होती. नुसत्या यंत्रमागावर माणूस हवा होता. अण्णा भिवंडीला गेला. मागून वदिना गेली. मागाच्या डोक्यावरचं नक्षीचं यंत्र ज्याला हवं होतं तो घेऊन गेला. मी मावशीकडे राहून शिक्षण पुरं केलं आणि पुढे शाळेत लागले.

भिवंडीला मी दर सुट्टीत जायचे. एकदा कारखान्यात जाऊन अण्णाला पाहिलं. पत्र्याच्या लांबच लांब शेडमध्ये चार यंत्रं एकटा सांभाळत होता. यंत्रांतून कोरं कापड निघत होतं. ना रंग, ना रेघ. धागा तुटला की जोडायचा, धोट्यातलं सूत संपलं की बदलायचं. कारखान्यात एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी बराच वेळ उभी होते, त्याला दिसले नाही. पुढे पुढे त्याला ऐकूही कमी येऊ लागलं. त्यांना एक मुलगा झाला, तो आता कल्याणला रिक्षा चालवतो. त्याला बापाच्या हातची नक्षी माहीत नाही. दाखवायला एकही तुकडा नाही. वस्तीतल्या कुणाच्या भिंतीवर त्याचा एखादा जुना हत्ती असेलही, पण त्या कापडावर नाव कुठं असतं.

मी नोकरी केली, मुलींना भूगोल शिकवला. 'शीत कटिबंध' हा धडा दरवर्षी यायचा. मध्यरात्रीचा सूर्य मी फळ्यावर आकृती काढून समजावायचे. पृथ्वीचा कललेला आस, किरणांचे कोन. मुली उतरवून घ्यायच्या. त्या शहराचं नाव मी कधी घेतलं नाही. आता तर टीव्हीवर असल्या जागा रोज दिसतात, आमच्या शाळेतलीच एक शिक्षिका पर्यटन कंपनीबरोबर तिकडे जाऊन आली आणि मोबाईलवर हिरवा उजेड दाखवत होती. मी बघितला. छान होता. अण्णाचा अधिक हलत होता. हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

कधी कधी वाटतं, तो एक उन्हाळा मिळाला हेही पुष्कळ. दुसऱ्याच क्षणी वाटतं, हे मनाचं समाधान आहे, खोटं आहे. तो मिळाला नसता तर अण्णा मेमध्ये भिवंडीला गेला असता, कागदावर वाकून बसला असता, दुसऱ्यांचे मोर काढत म्हातारा झाला असता. त्याच्या हातात त्याचं काम राहिलं असतं. आशेनं त्याला दिलं काय, आणि नेलं किती. पन्नास वर्षांत मला हा हिशेब सुटला नाही. सुटेल असंही आता वाटत नाही.

अण्णा गेला त्याला बरीच वर्षं झाली. छातीत कापसाची धूळ भरून भरून गेला. दिवस-कार्य झाल्यावर पाहुणे पांगले, मुलगा रिक्षा घेऊन बाहेर पडला, आणि वदिना आणि मी दोघीच खोलीत उरलो. दुपार होती. बाहेर यंत्रमागांचा आवाज चालूच होता. तो तिथं कुणाच्या मरणानं थांबत नाही. ती कोथिंबीर निवडत होती. तोपर्यंत इतक्या वर्षांत आमच्यात त्या उन्हाळ्याचा विषय एकदाही निघालेला नव्हता.

मान वर न करता ती म्हणाली, "सरोजा, एक विचारू?"

"विचार की."

"तू शिकलेली आहेस. तुला तेव्हाही कळत असेल. ऑर्डर मिळाली असती, तर त्यांना खरंच पाठवलं असतं?"

मी विचार केला. तिच्याशी या वयात खोटं बोलू नये असं मला वाटलं. मला कांतिभाईंचा चेहरा आठवला, दुकानदार आठवला, आमची ती खोली आठवली.

"नाही वदिना," मी म्हटलं. "पाठवलं नसतं."

तिनं काड्या एका बाजूला केल्या, पानं एका बाजूला केली. मग उठून पाणी आणलं, मला दिलं, आणि पुन्हा खाली बसत हलक्या आवाजात म्हणाली,

"हो म्हणाली असतीस तरी चाललं असतं गं."